राजारामपुरीतला जर्मन क्लास, पाच महिन्यांचं पोरगं घेऊन केला त्याचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार देतेय. मधल्या काळात दोनवर आले होते, मग परत वर चढले, ते का ते खाली येईलच. लांबलचक झालंय, पण मला मेसेज करून विचारणाऱ्या पोरी आता पंधराच्या वर गेल्यात आणि प्रत्येकीला वेगळं टाइप करायला माझ्याकडे एकच हात मोकळा असतो, दुसऱ्यावर पोरगं. म्हणून एकदाच सगळं इथे.

आधी माझी कुंडली, म्हणजे तुम्हाला तुमचं जुळतंय का बघता येईल. मी बी.एस्सी. नर्सिंग, कोल्हापूरचीच, सीपीआर हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला लहानाची मोठी झालेली. लग्न होऊन जर्मनीत उल्मला गेले. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा तिथला परवाना, आणि ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जाताना ए वनच्या, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या, सर्टिफिकेटची सक्ती नसते, गेल्या गेल्या काम करायची परवानगी पण मिळते. तेव्हा वाटलं काय भारी, पण तोच खड्डा होता हे नंतर कळलं. सक्ती नाही म्हणून शिकले नाही, आणि भाषा नाही म्हणून वॉर्डवर कोण उभं करत नाही. नर्स म्हणून तिथं काम करायचं तर डिग्रीला त्या राज्याच्या ऑफिसची मान्यता लागते, त्याला आनएर्केनुंग म्हणतात, आणि त्यासाठी बी टू, म्हणजे भाषेची चौथी पायरी. मग बाहेरून आलेल्यांसाठीच्या इंटिग्रेशन कोर्सला बसले, ६०० तास भाषेचे, त्यात बी वन, म्हणजे तिसरी पायरी, झालं, आणि बी वनच्या परीक्षेला जाताना मी सातव्या महिन्यात होते.

बाळ जानेवारीत तिकडेच झालं. आई आली होती, पण शेंगेनचा, म्हणजे तिकडे नुसतं भेटीला जायचा व्हिसा म्हणजे १८० दिवसांत ९० दिवस, एक दिवस जास्त नाही. नव्वदाव्या दिवशी आई विमानात बसली आणि मी हॉलमध्ये डिंकाच्या लाडवाचा डबा मांडीवर घेऊन रडत बसले. नवरा म्हणाला तूच जा की कोल्हापूरला, आई तिथं आहे, क्लास पण लाव. ब्लू कार्डवाल्यांच्या कुटुंबाला १२ महिने बाहेर राहिलं तरी परवाना जात नाही, इतरांना ६ महिन्यांची मर्यादा असते, त्यामुळे ती भीती नव्हती. बाळाचा पासपोर्ट म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमधून काढला, त्याचं तिथल्या परवान्याचं कार्ड काढलं, आणि जूनमध्ये आले. इथं लसीकरणाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर बीसीजीचा व्रण कुठाय. जर्मनीत बीसीजी देतच नाहीत सरसकट. ते एक वेगळंच रामायण झालं, असू दे.

आता क्लास. चौकशीला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, बाळ वर्षाचं झालं की या, आत्ता कशाला ओढाताण." मला इतका राग आला. मी म्हटलं, दादा, ओढाताण माझी, फी तुमची, तुम्हाला काय त्रास? (हे वाक्य मी खरं म्हणजे घरी जाऊन म्हटलं, तिथं फक्त "बघा की काहीतरी" एवढंच बोलले.) आतून शिकवणाऱ्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून बसा, दाराजवळच्या बाकावर, बाळ रडलं तर उठून जायचं, परत यायचं, कुणाला विचारायचं नाही. पहिल्या दिवशीचा अर्धा स्टार गेला होता तो तिथल्या तिथं परत आला.

जागा: तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबागाडी विसरा. पार्किंग म्हणजे राजारामपुरीत जे असतं तेच, म्हणजे नाही. पण खालच्या मजल्यावर एक ब्लाऊज शिवणाऱ्या काकू आहेत आणि या क्लासची सगळ्यात चांगली सोय ती आहे, जी क्लासच्या जाहिरातीत नाही. आई रोज ११ ला माझ्याबरोबर यायची, काकूंच्या दुकानात बाळाला घेऊन बसायची, मी दीड वाजेपर्यंत वर. मध्ये एकदा खाली येऊन पाजून जायचे, काकू पडदा ओढायच्या. आईला फुकट बसायची लाज वाटायची म्हणून ती दर आठवड्याला काहीतरी शिवायला टाकायची. तेव्हा फी विचारणाऱ्यांनी नीट ऐका: २६,००० रुपये अधिक आईचे सात ब्लाऊज आणि दोन परकर.

शिकवणं. इथे मात्र मी मोकळ्या मनाने लिहिते. उल्मला आमचा कोर्स जर्मनमधूनच होता, न कळलं तर बाई हातवारे करायच्या, आणि आम्ही सगळे डोक्यात इंग्लिश करून मग जर्मन करायचो. या मॅडम थेट मराठीतून शिकवतात आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यातल्या दोन गाठी सुटल्या. एक म्हणजे क्रियापद शेवटी जाणं. वाइल, म्हणजे कारण, आलं की क्रियापद शेवटाला जातं, इंग्लिशमधून विचार केला की हे उलटं वाटतं, जीभ अडते. मॅडम म्हणाल्या, अगं "मी घरी जातो" असंच म्हणतोस ना तू, "मी जातो घरी" म्हणतोस का? वाइल इश नाख हाउझे गेहे, कारण मी घरी जातो, तस्सं. इंग्लिशचा खांब मधून काढ, मराठी टाक, वाक्य उभं राहतं. मी तीन वर्षं त्या खांबाला धडकत होते!

दुसरी म्हणजे डेर, डी, डास, जर्मनमध्ये नामाच्या आधी लिंगाप्रमाणे लागतात ते. आपल्याला तीन लिंगं जन्मापासून येतात, तो ती ते, फक्त जर्मन वस्तूला आपलं लिंग चिकटवायचं नाही एवढंच. मुलीला डास लागतं म्हणून पुण्यामुंबईच्या पोरी चक्रावतात, आपण तर "ते पोरगं कुठं गेलं" सर्रास म्हणतो. पण मॅडमनी आम्हा कोल्हापूरच्या पोरींना वेगळी तंबी दिली, कारण आम्ही सगळ्या "मी आलो, मी जेवलो" म्हणणाऱ्या, आमच्या तोंडात लिंगाचा घोळ आधीच बाराखडीपासून. वरच्या उदाहरणात पण बघा, मॅडम मलाच "म्हणतोस" म्हणाल्या, आणि वर्गात कुणाला काही खटकलं नाही. बेळगावची एक होती ती फक्त हसली.

शब्द पाठ करायची त्यांची पद्धत पण घरगुती आहे. दहा शब्द, दिवसभराच्या कामात. मी पोराला तेल लावताना शुल्टर (खांदा), एल्बोगेन (कोपर), क्नी (गुडघा) असं म्हणत जायचे, मालिशवाल्या मावशींना वाटलं मी मंत्र म्हणतेय. आता त्या पण दुसऱ्यांच्या बाळाला क्नी क्नी करतात म्हणे.

आता खटकलेलं. जिन्यात मोठा बोर्ड आहे, "६ महिन्यांत शून्य ते बी टू". हे धादांत खोटं आहे असं नाही म्हणणार, पण परीक्षा घेणारे गोएथे इन्स्टिट्यूटवाले स्वतः शून्यापासून बी टू साठी पाऊण तासाचे ६०० ते ८०० तास धरायला सांगतात. म्हणजे शनिवार-रविवार सोडून रोज साडेतीन-साडेचार तास नुसता क्लास, वर घरचा अभ्यास. तो हिशोब एकवीस वर्षांच्या, आई डबा करून देणाऱ्या पोराचा झाला. माझ्या बॅचला अशी पोरं होतीच, २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, नर्स सगळ्यांचीच जर्मनकडे धाव आहे. त्यातले निम्मे बी वन घासून आलेले, वाक्य होत नाही, मग बी टूच्या बॅचमध्ये बी वनची उजळणी चालते. पहिले तीन आठवडे तसेच गेले. दहा जणांची बॅच सांगून सतरा जण बसवले होते. लिसनिंगचा स्पीकर घरघरतो, ऐकण्याची परीक्षा आणि ऐकायलाच येत नाही, ही काय गंमत आहे? दोन वेळा सांगितलं, "बघतो मॅडम" म्हणाले, अजून बघतायत. आणि रेकॉर्डिंग मिळेल म्हणाले होते ते एकूण चार मिळाले, त्यातलं एक दुसऱ्याच बॅचचं.

जुलैत पाऊस असा लागला की पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की यांचा मेसेज यायचा, क्लास ऑनलाइन. ३९ म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, आपल्याला हे आकडे जन्मतः पाठ. शिरोळकडची पोरं तेवढे दिवस येऊच शकली नाहीत, आणि त्यांच्यासाठी मॅडमनी नंतर रविवारी दोन जादा तास घेतले, पैसे न घेता. हे लिहायलाच पाहिजे.

कागदपत्रांचं जे "हेल्प डेस्क" म्हणून वेगळे ६,००० घेतात ना, ते घेऊ नका. दोन स्टारवर आले होते ते याच्यामुळे. माझी डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, मधलं नाव एकीकडे बाबांचं, एकीकडे नवऱ्याचं. ही भानगड आपल्याकडे प्रत्येक लग्न झालेल्या बाईची आहे, यात नवीन काय? तरी त्यांनी मॅरेज सर्टिफिकेट न जोडता फाइल भाषांतराला पाठवली आणि भाषांतर दोन बायकांचं होऊन आलं. परत केलं, परत पैसे, सहा आठवडे गेले. शेवटी मीच केलं सगळं: महापालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (त्यात प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास वेगवेगळे लागतात, नुसते मार्क चालत नाहीत, तिथले लोक तास मोजून कुठं कमी आहे ते लेखी कळवतात), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे कागद. नाशिकला माझा दीर गेला होता, मी त्याला परतीच्या वाटेवर मिसळ खा म्हणून वर २०० रुपये दिले, तो म्हणाला वहिनी नाशिकची मिसळ आपल्याला चालत नाही.

अजून एक. डेस्कवाल्याने मला म्युनिकच्या बाजूचा, म्हणजे बव्हेरिया राज्याचा फॉर्म भरून दिला होता. उल्म बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, डॅन्यूब ओलांडली की नॉय-उल्म, ते बव्हेरियात. नदीच्या पलीकडे राज्य वेगळं, मान्यतेचं ऑफिस वेगळं. कागल आणि निपाणी धरा. निपाणीचं काम कागलात होतं का? आमचं ऑफिस स्टुटगार्टला.

आता जे विचारायला तुम्ही खरं मेसेज करता ते. ताई, आधी बाळ का आधी नोकरी? याचं उत्तर क्लास देत नाही, पण मॅडम शनिवारी क्लासनंतर चहाला थांबवायच्या, स्वतः बारा वर्षं तिकडे राहून आलेल्या, आणि तिथं जे ऐकलं ते मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी वेगळी जोडणी केली असती. तिकडे बाळाच्या पहिल्या वर्षासाठी एल्टर्नगेल्ड म्हणून सरकारी पैसे मिळतात, ते आईच्या आधीच्या १२ महिन्यांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,८०० युरो. कमावत नव्हतात तर ३०० युरो. मला ३०० मिळतात. मी जर तिकडे गेल्या गेल्या भाषा करून एक वर्ष सहाय्यक म्हणून जरी काम केलं असतं तरी आकडा कुठल्या कुठं गेला असता. नोकरीत असताना दिवस गेले तर प्रसूतीच्या आधी ६ आणि नंतर ८ आठवडे सुट्टी, प्रोबेशनमध्ये असलात तरी काढता येत नाही, आणि नर्सचं काम गरोदरपणात धोक्याचं म्हणून सुरक्षित काम देता आलं नाही तर घरी बसवून पगार देतात. हे ऐकून माझ्या शेजारची गडहिंग्लजची पोरगी म्हणाली, म्हणजे ताई तुमचं गणित चुकलं. हो बाई, चुकलं. पण माझं वय ३१, पीसीओडी, डॉक्टरांनी सांगितलं होतं थांबू नका. युरोच्या कोष्टकात ती ओळ नसते.

उलट बाजू पण आहे. बाळ आधी झालं याचा एक फायदा मला दिसतोय. तास कुठं कमी आहेत ते मान्यतेच्या ऑफिसचं पत्र आलं की पुढे एकतर ज्ञानाची परीक्षा किंवा हॉस्पिटलमध्ये राहून भरपाईचा कोर्स, तो मध्ये तोडून बाळंतपणाला जायला लागलं की परत सूर लागायला वेळ जातो, आमच्या ओळखीत एकीचं तसं झालंय. माझं बाळ जानेवारीत वर्षाचं होईल, तिकडे वर्ष पूर्ण झालं की पाळणाघराच्या, म्हणजे किटाच्या जागेचा कायदेशीर हक्क असतो, २०१३ च्या ऑगस्टपासून. हक्क आहे म्हणजे जागा आहे असं नाही हां, आम्ही पोटात असतानाच नाव घातलंय आणि अजून वेटिंगला आहोत. आणि सकाळची शिफ्ट साधारण ६ ला लागते, किटा ७ च्या आधी सहसा उघडत नाही, तेव्हा हा एक तास कोण सांभाळणार हे लग्नाच्या याद्या करताना विचारायचा प्रश्न आहे. आमच्याकडे नवरा सांभाळणार असं ठरलंय. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्या हे वाचत नसतील अशी आशा.

मॅडमनी "आधी हे, मग ते" असं एकदा पण म्हटलं नाही, समोर आकडे ठेवले आणि चहा ओतला. काउंटरवरचा माणूस मात्र अजून सगळ्या नर्स पोरींना "लग्न-बिग्न दोन वर्षं पुढे ढकला" सांगतो. त्याला कुणीतरी आवरा.

परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी पुण्यात, बोट क्लब रोडला. क्लास हे नीट सांगतो, श्रेय द्यायला पाहिजे, की गोएथेची बी टू चार तुकड्यांत असते, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि तुकडे वेगवेगळे देता येतात. पाजणाऱ्या आईला ही फार मोठी गोष्ट आहे. तरी मी खुळ्यागत चारही एकदम भरले. आदल्या दिवशी गाडीने निघालो, मी, आई, बाळ आणि बाबा, हायवेचं सहापदरीचं काम चालू असल्याने पाच तासांचे साडेसात झाले. मावशीकडे मुक्काम. रात्री बाळाला नवी जागा, ते तीनपर्यंत टक्क जागं. सकाळी ६५ मिनिटांचं वाचन ठीक गेलं, ऐकण्याच्या ४० मिनिटांत मला मधलीच एक मुलाखत ऐकल्याचं आठवतच नाही, बहुतेक झोपले मी डोळे उघडे ठेवून. ७५ मिनिटं लेखन, त्यात १५० शब्दांचं मत आणि १०० शब्दांचा ऑफिसचा मेसेज, हे मॅडमनी इतकं घोटून घेतलंय की हात आपोआप चालला. बोलण्याच्या वेळेला अंगावर दूध उतरलेलं, ओढणी गुंडाळून आत गेले आणि प्लास्टिकच्या पॅकिंगवर तावातावाने भांडले.

निकाल: वाचन ७३, लेखन ७८, बोलणं ८१. ऐकणं ५३, नापास. घरघरणाऱ्या स्पीकरला किती मार्क आणि बाळाला किती, ते मी वाटून घेतलेलं नाही. तीन सर्टिफिकेट हातात आहेत, चौथा तुकडा तिकडे जाऊन देणार.

तर कुणी लावावा: बी वन खरंच पक्कं असेल, मराठीतून समजून घ्यायला कमीपणा वाटत नसेल आणि खाली बाळ घेऊन बसणारं कुणी असेल तर डोळे झाकून लावा, पण आधी विचारा की मॅडम स्वतः शिकवणार का, कारण सकाळच्या ७ च्या बॅचला दुसरेच सर आहेत आणि ते इंग्लिशमधून शिकवतात. शून्यापासून करणाऱ्यांनी जिन्यातला बोर्ड न वाचता वर जावं. डेस्कवर एक रुपया देऊ नका. आणि ब्लाऊज काकूंकडे बाही थोडी सैल सांगा.

निघायच्या आधी पेढे द्यायला गेले होते तेव्हा क्लासवाले म्हणाले, ऐकण्याच्या सरावाला ऑनलाइन बसा फुकट, परीक्षा होईपर्यंत. लिंक अजून आलेली नाही. आली आणि आवाज नीट ऐकू आला तर येऊन चार स्टार करते.